रमण इफेक्टच्या आधीचे इफेक्ट

सी. व्ही. रमण म्हटलं की प्रकाश आठवतो, समुद्राचा निळा रंग आठवतो. पण नागपुरात काही महिने सरकारी नोकरी करून गेलेला हा माणूस त्या काळात तारांच्या थरथरीत बुडालेला होता. तुमच्या बॅण्डमधलं इलेक्ट्रिक व्हायोलिन स्टेजवर करकरत असेल, तर त्यांची ही गोष्ट वाचाच.

गांधीसागर तलावासमोरचं रमण विज्ञान केंद्र तुम्ही पाहिलंय. एकदा शाळेच्या सहलीत, एकदा पाहुणे आले म्हणून आणि एकदा तारांगणाचा शो बघायला. १९९२ पासून नागपूरच्या बहुतेक पोरापोरींची तिथं एक तरी फेरी झालेलीच असते. ज्यांचं नाव त्या केंद्राला आहे तेही आपल्याला पाठ असतात. रमण इफेक्ट, १९३० सालचं नोबेल, २८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन. पाच मार्कांचं उत्तर इथं संपतं.

आता एक वेगळाच प्रश्न घ्या. कॉलेजच्या बॅण्डमध्ये कुणीतरी इलेक्ट्रिक व्हायोलिन वाजवतं. घरच्या साध्या व्हायोलिनवर जो सूर गोल आणि भरीव येतो, तोच गॅदरिंगच्या स्टेजवर मिक्सरमधून स्पीकरवर आला की पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा लागतो. वाजवणारा तोच, बोटं तीच, बोसुद्धा तोच. मग कुणी म्हणतं रिव्हर्ब वाढव, कुणी डिले लावायला सांगतं, कुणी गिटारवाल्या मित्राचं पेडल उसनं आणतं. करकर काही जात नाही. आता ती मोठ्या हॉलमधली करकर होते, एवढंच.

बिघडलं कुठं, हे समजून घ्यायचं तर रमणांच्या आयुष्यातला पाच मार्कांच्या उत्तरात न येणारा भाग बघावा लागतो. प्रकाशाकडे पूर्णपणे वळण्याआधी त्यांनी दहाएक वर्षं तारा, बो आणि वाद्यांचा पिच्छा पुरवला होता. त्या वर्षांतल्या काही महिन्यांत त्यांचा मुक्काम आपल्या नागपुरात होता.

घरात व्हायोलिन, हातात हेल्महोल्ट्झ

चंद्रशेखर व्यंकट रमण यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ चा, तिरुचिरापल्लीचा. वडील गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायचे. त्यांच्या नोकरीमुळे कुटुंब विशाखापट्टणमला गेलं आणि रमणांचं लहानपण तिथंच गेलं. वडिलांना संगीताचा नाद होता, ते व्हायोलिन वाजवायचे. कर्नाटक संगीतानं हे परदेशी वाद्य एकोणिसाव्या शतकातच आपलंसं केलं होतं, त्यामुळे दक्षिणेतल्या घरात व्हायोलिन असणं ही काही नवलाची गोष्ट नव्हती. थोरले भाऊ सी. एस. अय्यर यांनाही तीच गोडी. पुढे त्यांनी संगीतावर लिखाणही केलं. त्यांचा मुलगा म्हणजे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर, १९८३ चे नोबेल विजेते. एकाच घरात दोन नोबेल आलेले आहेत आणि त्या घरात सूर आधीपासून होते.

रमणांची अभ्यासातली गती बघून आपल्याला जरा कॉम्प्लेक्सच येईल. अकराव्या वर्षी मॅट्रिक. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९०४ साली बीए, तेही पहिल्या नंबरानं. १९०७ साली एमए. मधेच १९०६ साली, अठराव्या वर्षी, लंडनच्या ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये त्यांचा पहिला शोधनिबंध छापून आला. तो प्रकाशावरचा होता.

याच वयात त्यांच्या हाती जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांचं पुस्तक पडलं. सूर म्हणजे काय, आपला कान तो कसा ऐकतो, दोन वाद्यं एकच पट्टी वाजवत असूनही वेगळी का वाटतात, हा त्याचा विषय. आपल्या घडणीवर ज्या तीन पुस्तकांचा परिणाम झाला, त्यात रमण पुढे या पुस्तकाचं नाव घ्यायचे. घरी वडिलांचं व्हायोलिन आणि टेबलावर त्या व्हायोलिनमागचं भौतिकशास्त्र, असा तो योग होता.

पण करिअर? हा प्रश्न तेव्हाही तुमच्याआमच्यासारखाच होता. भारतात विज्ञानात संशोधन करून पोट भरेल अशा जागा जवळपास नव्हत्याच. पुढच्या शिक्षणाला इंग्लंडला जावं, तर तिथली हवा झेपणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. मग रमणांनी आजची हुशार पोरं करतात तेच केलं. स्पर्धा परीक्षा दिली. फायनान्शियल सिव्हिल सर्व्हिसमध्ये पहिले आले. १९०७ च्या मे महिन्यात लोकसुंदरी यांच्याशी लग्न झालं. त्या वीणा वाजवायच्या. जूनमध्ये अवघ्या अठराव्या वर्षी रमण कलकत्त्याला असिस्टंट अकाउंटंट जनरल म्हणून रुजू झाले. भक्कम पगार, मान, बंगला. बहुतेकांची गोष्ट इथं सुखानं संपली असती.

ऑफिस सुटल्यावर

एके दिवशी ट्राममधून जाताना बोबाजार स्ट्रीटवर त्यांना एक पाटी दिसली, इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली मोठ्या आशेनं उभी केलेली ही संस्था तेव्हा बरीचशी ओस पडली होती. प्रयोगशाळा होती, उपकरणं होती, वापरणारं कुणी नव्हतं. रमण आत गेले आणि परवानगी घेऊन आले.

मग दिवसाचं गणितच बदललं. पहाटे साडेपाचला असोसिएशनमध्ये. पावणेदहाला घरी येऊन अंघोळ, जेवण आणि धावतपळत ऑफिस. संध्याकाळी पाचला ऑफिस सुटलं की थेट पुन्हा असोसिएशन. घरी परतायला रात्रीचे साडेनऊ-दहा. रविवारही तिथंच. मदतीला आशुतोष डे नावाचे एक सहायक होते. त्यांचं विद्यापीठातलं शिक्षण झालेलं नव्हतं, पण हात कमालीचा कसबी. पुढे त्यांचं नाव रमणांसोबत शोधनिबंधावर आलं.

तारेचा विषय त्यांनी का निवडला असेल, याचं एक कारण अगदी व्यावहारिक आहे. त्याला महागडी यंत्रं लागत नाहीत. एक ताणलेली तार, ती सतत थरथरत ठेवायला एक ट्यूनिंग फोर्क आणि थरथर टिपायला फोटोची काच. एवढ्यावर जगातल्या मासिकांत छापून येईल असं काम करता येत होतं. १९०९ साली त्यांनी एकतारीवर एक टिपण लिहिलं. हो, आपल्या भजन-कीर्तनातली एकतारीच. ज्या वाद्याकडे वाद्य म्हणून फारसं कुणी बघत नाही, तिथून त्यांनी सुरुवात केली होती.

बदली : नागपूर

सरकारी नोकरी म्हटली की बदली आलीच. १९०९ साली ती रंगूनला झाली. मग वडील आजारी पडले आणि गेले. त्या काळात रमण मद्रासला राहिले. नंतर १९१० साली पोस्टिंग आलं नागपूरचं.

तेव्हाचं नागपूर म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी. सरकारी कचेऱ्यांचं, गिरण्यांचं गाव. नागपूर विद्यापीठ यायला अजून तेरा वर्षं होती, ते १९२३ चं. कलकत्त्याच्या असोसिएशनसारखी पहाटे साडेपाचला उघडणारी प्रयोगशाळा इथं नव्हती. दिवसभर हिशेबाची कागदपत्रं होती. वय होतं एकवीस-बावीस, म्हणजे तुमच्याआमच्याएवढंच.

त्यांच्या नागपुरातल्या दिवसांबद्दल जुजबीच लिहिलं गेलंय, कारण वर्ष पूर्ण व्हायच्या आत १९११ साली बढती मिळून ते कलकत्त्याला परतले. पण तारखा जुळवून बघितल्या की एक गोष्ट लक्षात येते. रंगून, मद्रास, नागपूर अशी फिरफिर चालू असतानाही तारांचं काम थांबलेलं नाही. १९०९ च्या शेवटी ‘नेचर’मध्ये त्यांचं टिपण आहे आणि १९११ साली इंग्लंड-अमेरिकेतल्या मासिकांत तारेच्या कंपनांचे फोटो आणि त्यावरची चर्चा आहे. बदल्यांच्या त्या वर्षांत त्यांच्या नावावर गॅप इयर पडलेलं दिसत नाही. आज ज्या शहरात त्यांच्या नावाचं तारांगण आहे, तिथं ते तारे बघायला आले नव्हते. डोक्यात तारा होत्या आणि हातात हिशेब.

बोखाली तार काय करते?

कलकत्त्याला परतल्यावर रमणांनी असोसिएशनच्या शेजारचंच घर घेतलं. इथून त्यांचा खरा विषय सुरू झाला. बो फिरल्यावर व्हायोलिनची तार नेमकी कशी हलते?

गिटारची तार छेडली की ती हलते आणि हळूहळू शांत होते. बोचं तसं नाही. बोच्या केसांना राळ लावलेली असते. केस तारेला चिकटतात, तिला सोबत ओढत नेतात. ताण एका मर्यादेपलीकडे गेला की तार निसटते, झपकन मागे येते आणि पुन्हा चिकटते. मधल्या सप्तकाचा ४४० हर्ट्झचा सूर वाजत असेल, तर हे चिकटणं-निसटणं सेकंदाला ४४० वेळा होतं. आपल्याला डोळ्यांनी दिसतो तो तारेचा धूसर फुगवटा. खरं तर कुठल्याही एका क्षणी तारेत एक टोकदार कोपरा असतो आणि तो तारेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे धावत फेऱ्या मारतो. ही गोष्ट हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकातच शोधली होती.

रमणांनी पुढचे प्रश्न विचारले. असंच का होतं? दुसरं काय काय होऊ शकतं? बो जरा पुढेमागे सरकला, दाब बदलला तर? त्यांनी तारेचे आणि वाद्याच्या लाकडाचे फोटो काढले आणि गणित मांडलं. तारेत एकाच वेळी एकाहून जास्त कोपरे कसे धावू शकतात, याची वर्गवारी केली. हे सगळं १९१८ साली असोसिएशनच्या पंधराव्या बुलेटिनमध्ये प्रसिद्ध झालं. शे-दीडशे पानांचा तो ग्रंथच आहे. त्यावर भाग पहिला असं छापलंय, दुसरा भाग कधी आला नाही. पण त्या पहिल्या भागातली पद्धत इतकी टिकाऊ निघाली की बोनं वाजणाऱ्या तारेच्या गणितात आजही रमण मॉडेल हा शब्द वापरला जातो.

आता तुमच्या बॅण्डकडे या. तारेतला कोपरा दर फेरीला ब्रिजवर, म्हणजे सतारीवाल्यांच्या भाषेत घोडीवर, आदळतो. त्यामुळे ब्रिजवर पडणाऱ्या जोराचा आलेख काढला तर करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. हळूहळू चढ, एकदम उतार. म्युझिक सॉफ्टवेअरमध्ये सिंथ उघडलात तर सॉ टूथ नावाची वेव्ह दिसेल. तीच ही. तिच्यात मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे सगळे उपसूर ठासून भरलेले असतात. नुसती ऐका, कानाला खरखरीत लागते.

म्हणजे तार मुळात करकरीतच असते. गोड असतं ते खोकं. व्हायोलिनचं लाकूड आणि आतली हवा या करवतीतले काही सूर उचलून धरतात, काही दाबतात. मोकळ्या डी तारेच्या आसपास आतली हवा साथ देते, त्याच्या वर लाकूड साथ देतं आणि मग दोन-तीन हजार हर्ट्झच्या भागात ब्रिज स्वतःची चमक घालतो. या चढउतारांतून गाळून येतं त्याला आपण टोन म्हणतो.

इलेक्ट्रिक व्हायोलिनला पोकळ खोकंच नसतं. भरीव लाकूड आणि ब्रिजखाली पिएझो पिकअप. तो पिकअप ब्रिजवरचा जोर जसाच्या तसा उचलतो, म्हणजे न गाळलेली करवत. तुमचा मित्र वाईट वाजवत नाहीये. अख्ख्या हॉलला आपण व्हायोलिनचं फक्त अर्धं वाद्य ऐकवतोय.

लांडगा आणि चिमटा

१९१६ साली रमणांनी एका आजाराकडे लक्ष वळवलं. चेलोवर, कधी व्हायोलिनवरही, एखादाच सूर असा असतो की तिथं वाद्य गुरगुरतं. सूर थरथरतो, तुटतो, पकडीत येत नाही. युरोपातले वादक याला वुल्फ नोट म्हणतात, म्हणजे लांडगा. रमणांनी तार आणि लाकूड दोघांच्या हालचालींचे एकाच वेळी फोटो घेतले. त्या सुराला खोकं इतक्या जोरात साथ देतं की तारेची ऊर्जाच शोषून घेतं. बोला तार धरून ठेवायला जास्त जोर लागतो, तो मिळाला नाही की तार वरच्या सप्तकात उडी मारते आणि मग परत येते. ती ओढाताण म्हणजे गुरगुर.

यात गंमत बघा. खोकं साथ देतं म्हणून टोन मिळतो आणि त्यानं जास्तच साथ दिली की लांडगा येतो. दोन्हींचं मूळ एकच आहे. भरीव लाकडाच्या इलेक्ट्रिक व्हायोलिनवर हा लांडगा सहसा येत नाही. आनंद झाला? पण त्याच कारणानं टोनही येत नाही.

१९१७ साली त्यांनी म्यूटवर लिहिलं. म्यूट म्हणजे ब्रिजवर बसवायचा छोटासा चिमटा. तो लावला की व्हायोलिनचा आवाज दबका, मऊ होतो. वादकांना हे शतकभराहून जास्त काळ माहीत होतं. रमणांनी कारण दाखवलं. ब्रिजवर वजन वाढलं की वाद्याच्या साथ देण्याच्या जागा खाली सरकतात, त्यामुळे खालचे काही सूर उठतात आणि वरचे दबतात. नीट विचार केला तर हा एक इफेक्टच आहे. वीज नाही, बॅटरी नाही, पण काम इक्वलायझरचंच.

हे सगळं चालू असताना रमण अजून सरकारी अधिकारीच होते. १९१७ साली सर आशुतोष मुखर्जींनी त्यांना कलकत्ता विद्यापीठातलं पालित प्राध्यापकपद दिलं. त्यासाठी सरकारी नोकरी सोडायची होती आणि पगार जवळपास निम्म्यावर येणार होता. रमणांनी नोकरी सोडली. हा निर्णय आज आपण टाळ्या वाजवून वाचतो, पण त्यामागची दहा वर्षं विसरू नका. पहाटे साडेपाचपासूनची ती दहा वर्षं नोकरी सांभाळून काढलेली होती. उडी मारली तेव्हा खाली जमीन तयार होती.

व्हायोलिन वाजवणारं यंत्र

१९२० च्या सुमारास रमणांनी एक यंत्र बनवलं. माणसाच्या हाताचा भरवसा नाही, दाब आणि वेग दर वेळी बदलतो. मोजायचं तर यंत्रानंच वाजवायला हवं. त्यांची युक्ती भारी होती. बो एका जागी ठेवला आणि व्हायोलिनच मोटरवर पुढेमागे हलवलं!

त्यातून त्यांनी मोजलं की स्वच्छ सूर यायला बोवर कमीत कमी किती दाब लागतो. ब्रिजच्या जवळ वाजवा, दाब खूप वाढवावा लागतो. खोकं जिथं जोरात साथ देतं, त्या सुरांनाही जास्त दाब लागतो. पुढे १९७३ साली जॉन शेलेंग या अमेरिकी अभ्यासकानं याच वाटेनं जाऊन दाबाची खालची आणि वरची मर्यादा दाखवणारा आलेख काढला. दाब कमी पडला तर आवाज फुसका, शिट्टीसारखा येतो. जास्त झाला तर करकर. सूर या दोन रेषांच्या मध्ये राहतो आणि ब्रिजकडे सरकलं की ही मधली जागा अरुंद होत जाते.

म्हणजे वादकाच्या उजव्या हातात तीन नॉब आहेत. बोचा वेग, दाब आणि ब्रिजपासूनचं अंतर. वेग वाढवला की आवाज मोठा होतो. दाब वाढवला की तारेतला कोपरा धारदार होतो आणि सूर चकाकतो. इलेक्ट्रिकवर अनेक जण इथंच फसतात. स्वतःचा आवाज मॉनिटरमधून नीट ऐकू आला नाही की हात नकळत दाब वाढवतो. आधीच न गाळलेली करवत, तिला आणखी धार. कुठलंही पेडल घेण्याआधी दाब जरा कमी करून, वेग वाढवून आणि बो ब्रिजपासून थोडा दूर नेऊन बघा. याला खर्च शून्य.

आता पेडलबोर्ड

समजा हात ठीक आहे. मग इफेक्ट्स कोणत्या क्रमानं? रमणांनी दाखवलेल्या वाटेनं गेलं तर क्रम आपोआप सुचतो. आधी जे हरवलंय ते परत आणायचं, सजावट नंतर.

पहिली पायरी प्रीअ‍ॅम्प किंवा डीआय बॉक्स. पिएझो पिकअपला साधारण एक मेगाओहमचा इनपुट लागतो. तो थेट मिक्सरच्या लाइन इनपुटमध्ये घातला की खालचे सूर गळतात आणि आवाज पातळ होतो. व्हायोलिनमध्ये बॅटरीवर चालणारा प्रीअ‍ॅम्प आधीच असेल तर ही अडचण येत नाही, तेवढं तपासून घ्या.

दुसरी पायरी इक्वलायझर. व्हायोलिनची सगळ्यात खालची जी तार १९६ हर्ट्झची. तिच्याही खाली जे ऐकू येतं ते स्टेजचे धक्के आणि बोची धडधड, ते कापून टाका. मग दोन ते चार हजार हर्ट्झमध्ये थोडी कपात करा. कानाला टोचणारा भाग बहुतेक तिथंच सापडतो. एकदम खोल खड्डा पाडू नका, नाहीतर चमकही जाते.

तिसरी पायरी खऱ्या अर्थानं खोकं परत आणण्याची, इम्पल्स रिस्पॉन्स. चांगल्या अकूस्टिक व्हायोलिनच्या ब्रिजवर बारीक हातोडीनं टकटक करतात आणि खोकं काय उत्तर देतं ते रेकॉर्ड करतात. त्या उत्तरात त्या वाद्याच्या साथीचा सगळा नकाशा असतो. पेडल किंवा लॅपटॉप तुमचा कच्चा सूर त्या नकाशातून गाळून काढतो. हे नकाशे लोड करता येतात अशी पेडल्स मुळात गिटारवाल्यांसाठी आली, पण व्हायोलिनला त्यांची गरज गिटारपेक्षा जास्त आहे.

त्यानंतर छोट्या खोलीचा रिव्हर्ब, तोही हलका. आणि मग मजा. डिले लावा, ऑक्टेव्ह लावा, वा पेडल लावा. वा पेडल काय करतं? आवाजातली एक उंच टेकडी पायानं पुढेमागे सरकवतं. म्यूटनं साथीच्या जागा खाली सरकवल्या होत्या, त्याचाच हा धावता अवतार. डिस्टॉर्शन मात्र जपून. गिटारला त्याचा मोठा फायदा सूर लांबण्यासाठी होतो. बोचा सूर लांब असतोच आणि उपसुरांनी भरलेलाही असतो. त्यात दोन तारा एकदम वाजवल्यात तर नुसता चिखल होईल.

एकतारीपासून नोबेलपर्यंत

रमण तारांवर थांबले नाहीत. तबला आणि मृदंगाची पुडी इतर ढोलांसारखी बेसूर का वाजत नाही, तिच्यावरच्या शाईनं उपसूर कसे जुळून येतात, हे त्यांनी १९२० साली ‘नेचर’मध्ये मांडलं. वीणा आणि तंबोऱ्याच्या रुंद, वाकदार घोडीमुळे तारेत असे उपसूर उमटतात, जे जुन्या नियमानुसार तिथं असायलाच नकोत, हेही दाखवलं. आपल्या वादकांनी कानानं साधलेल्या गोष्टींमागं पक्कं भौतिकशास्त्र आहे, हे त्यांनी जगाच्या मासिकांत लिहून ठेवलं.

१९२१ साली ते पहिल्यांदा इंग्लंडला गेले. तिथं लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलच्या घुमटातली कुजबुज कशी फिरते, यावर प्रयोग करून आले. येताना बोटीवरून भूमध्य समुद्राचा निळा रंग दिसला आणि डोक्यातला विषय बदलत गेला. १९२४ साली रॉयल सोसायटीचे फेलो. १९२७ साली जर्मनीच्या मोठ्या भौतिकशास्त्र कोशात वाद्यांवरचं प्रकरण त्यांनी लिहिलं, म्हणजे तोवर जगात या विषयातलं मोठं नाव तेच होते. पुढच्याच वर्षी २८ फेब्रुवारीला के. एस. कृष्णन यांच्या साथीनं रमण इफेक्ट. १९३० साली नोबेल. मग बंगळुरू, इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, स्वतःची रमण रिसर्च इन्स्टिट्यूट, १९५४ साली भारतरत्न. २१ नोव्हेंबर १९७० रोजी बंगळुरूतच ते गेले.

प्रकाशातला तो शोध आणि तारांचं काम वेगवेगळ्या कप्प्यांतलं वाटतं, पण सवय एकच होती. समोर कंप पावणारी वस्तू, तिच्यावर बाहेरून पडणारा एक सूर आणि ती वस्तू त्यात स्वतःचं काय मिसळते याचा शोध. व्हायोलिनचं खोकं तारेच्या सुराला रंग देतं. रेणू प्रकाशाच्या सुरात स्वतःचे सूर मिसळतात. कान तयार झालेला होता, डोळ्यांनी तेच ऐकलं म्हणा हवं तर.

तर दोस्तांनो, या रविवारी एक करून बघा. साध्या व्हायोलिनच्या ब्रिजवर हलक्या हातानं छोटासा म्यूट लावा, नसेल तर कपड्यांचा एखादा छोटा लाकडी चिमटा चालेल. आधी म्यूटशिवाय आणि मग लावून एकच सूर मोबाइलवर रेकॉर्ड करा. फुकट मिळणाऱ्या एखाद्या स्पेक्ट्रम अ‍ॅपमध्ये दोन्हींचे आलेख शेजारी ठेवा. कुठली टेकडी खाली गेली, कुठली वर आली, ते बघा. १९१७ साली रमणांनी मांडलेली गोष्ट तुमच्या स्क्रीनवर दिसेल. मग इलेक्ट्रिक व्हायोलिनच्या इक्वलायझरला हात लावा. कुठला नॉब कुठं फिरवायचा हे तेव्हा कुणाला विचारावं लागणार नाही.